कायम आरव्हीत राहायचं आहे: नवी घ्यावी की वापरलेली?

मोगरा_डॅलस

नमस्कार मंडळी,

डॅलसजवळच्या आमच्या अपार्टमेंटचा करार सप्टेंबरअखेर संपतोय. तो न वाढवता आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला जायचं ठरतंय. शनिवार-रविवारचं कॅम्पिंग नाही, बाराही महिने आणि निदान तीन वर्षं. आम्ही दोघं आणि एक कुत्रा. दोघांचंही काम घरूनच, त्यामुळे एकाच वेळी दोन कॉल चालू राहतील अशा दोन जागा हव्यात. आई-बाबा उन्हाळ्यात दोन महिने येतात.

ट्रेलरमध्ये फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या पाठीवर जोडून ओढायची) घ्यायची हे नक्की. दोन पर्याय समोर आहेत:

नवी: २०२५ चं मॉडेल, ३६ फूट, तीन स्लाइड (उभी केल्यावर बाहेर सरकणारे भाग), जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) १४,००० पौंड, रिकामं वजन ११,६००. डीलर ८२,००० डॉलर म्हणतोय, कर वेगळा. २० टक्के डाउन, १५ वर्षांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज.

वापरलेली: २०१९ ची, जवळपास तेवढीच लांबी आणि वजन, खासगी मालक, ४१,००० डॉलर. ही रोखीने घेता येईल.

ट्रक अजून नाही. थ्री-क्वार्टर टन गटातला डिझेल पिकअप बघतोय. नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे, माझं एच-४ ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना) काम चालतं. घरात सुतारकाम, प्लंबिंग थोडंफार जमतं, वीज नाही.

नव्याला वॉरंटी असते म्हणून मन तिकडे झुकतंय. जाणकारांनी सांगावं.

---

पाना_पक्कड

या दोनांतली २०१९ ची, पण तपासणीत उतरली तरच. आणि ती ४१,००० ला पडेल असं धरू नका. टायर, बॅटऱ्या, सीलंट, बेअरिंग, एखादं बंद पडलेलं उपकरण यांसाठी सहा ते आठ हजार लगेच बाजूला काढा.

आधी वॉरंटीचा गैरसमज. बहुतेक ट्रेलरना कारखान्याची वॉरंटी एकच वर्षाची असते, सांगाड्याची काहींची तीन. पण पुस्तिकेतला छोट्या अक्षरांतला भाग वाचा. अनेक कारखाने लिहितात की ही वस्तू तात्पुरत्या, सहलीच्या वापरासाठी आहे आणि कायमच्या वास्तव्यासाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही किंवा कमी मुदतीची. मोजकेच कारखाने पूर्णवेळ राहण्याला लेखी मान्यता देतात. डीलर तोंडी "काही होत नाही" म्हणेल. त्याला पुस्तिकेतलं ते पान दाखवायला सांगा. शिवाय फ्रिज, एसी, फर्नेस, अॅक्सल यांच्या वॉरंट्या ज्याच्या त्याच्या कंपनीच्या असतात, म्हणजे तक्रारीसाठी पाच दारं.

दुसरं, नवी म्हणजे बिनदोष हे कारचं गणित इथे चालत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, आणि जोडणी अजून मुख्यतः हातानेच होते. पहिल्या वर्षात निघणारे दोष ठरलेले: सीलंट सुटलेला कोपरा, पेक्स पाइपचा सैल जोड, तिरकी बसलेली स्लाइड, टाकीच्या सेन्सरची उलटी वायर, भिंतीत कशातच न रुतलेले स्क्रू. एकेक दोष किरकोळ असतो, पण भाग यायला आठवडे लागतात. सहलीवाल्याची गाडी दीड महिना डीलरच्या आवारात पडली तर त्याचं काही अडत नाही. तुमचं घर तिथे जाईल, आणि त्या काळातलं हॉटेल वॉरंटीत बसत नाही. सहा वर्षं वापरलेल्या गाडीतले हे बालरोग पहिल्या मालकाने बहुधा निस्तरलेले असतात. त्याऐवजी तिथे वयाचे रोग असतात, आणि ते तपासून सापडतात.

सालाबद्दलही एक. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेत ६ लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तोवरचा उच्चांक. २०२३ मध्ये ३ लाख १३ हजार. त्या घाईच्या काळात भागांचा तुटवडा होता, नवखे कामगार होते. २०२१-२२ च्या गाड्या वाईटच असं नाही, पण त्या बघताना दुप्पट डोळे उघडे ठेवा. तुमची २०१९ ची त्याआधीची आहे, हे बरं.

आता तपासणी. आरव्ही चालून झिजते त्याहून जास्त पाण्याने कुजते. म्हणून सुरुवात छतापासून.

छत: वर चढू देत नसेल तर गाडी सोडून द्या. छत ईपीडीएमचं (रबर) आहे की टीपीओचं (प्लास्टिकचा प्रकार) ते विचारा. ईपीडीएमवर बोट फिरवलं की पांढरी पूड येते, ते वयाप्रमाणे ठीक आहे. पाहायचं ते जोडांवरचं सीलंट: हवेच्या खिडक्या, एसी, अँटेना, पुढची आणि मागची कड. त्यावर केसाएवढी भेग असेल तर साफ करून वरून डायकॉरचं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट भरता येतं. सुटून उचललेलं असेल तर आतला लाकडी थर तपासायला हवा. कुणी सिलिकॉन फासलं असेल तर वाईट खूण. सिलिकॉनवर पुढे काहीच चिकटत नाही, सगळं खरवडावं लागतं. छत पायाखाली दबलं तर तिथेच थांबा. आख्खं छत बदलायला या लांबीला दहा हजारांच्या आसपास किंवा जास्त लागू शकतात. डॅलसमध्ये गारा पडतात, म्हणून एसीची प्लास्टिकची झाकणं आणि शॉवरवरचा घुमट चिरलाय का तेही बघा.

भिंती: बाहेर फायबरग्लास, मध्ये फोम, आतून लुआन नावाचं पातळ प्लाय. लुआनमध्ये पाणी गेलं की गोंद सुटतो आणि बाहेरचा पृष्ठभाग फुगतो. त्याला डिलॅमिनेशन म्हणतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात गाडीच्या एका टोकाला उभं राहून भिंतीच्या रेषेत नजर टाका, लाटा दिसतील. त्याची खरी दुरुस्ती म्हणजे भिंत बदलणं. काही गाड्यांत लुआनऐवजी अॅझडेल असतं. ते कुजत नाही, पण पाणी त्याच्या मागून जमिनीपर्यंत जातंच, म्हणून "अॅझडेल आहे, काळजी नको" हे ऐकून घेऊ नका.

चाळीस डॉलरच्या आतला पिनवाला ओलावामापक घ्या. आकड्यापेक्षा फरक बघा. सगळीकडे दहा-बारा टक्के आणि एका कोपऱ्यात पंचवीस, तर तिथे पाणी आहे. कुठे टोचायचं: वरची चारही कोपऱ्यांतली कपाटं, खिडक्यांच्या खालच्या कडा, स्लाइडच्या आतल्या भिंती, बेडरूमच्या पुढच्या टोकाचं कपाट. बाहेरच्या कडेच्या पट्टीतला प्लास्टिकचा इन्सर्ट थोडा ओढून एखादा स्क्रू काढा. आटे गंजलेले असतील तर आत ओल आहे.

जमीन: टॉयलेटभोवती, शॉवरसमोर, दाराच्या आत, स्लाइडच्या कडेला टाचेने दाबत चाला. मऊ लागलं तर वरचं व्हिनाइल कितीही नवं असो. कोरं करकरीत व्हिनाइल एकाच ठिकाणी दिसलं तर जास्तच दाबा.

सांगाडा: पिन बॉक्सच्या (ट्रकला जोडायची पिन असते तो पुढचा भाग) वर, पुढच्या टोपीच्या खालच्या कडेला भेगा, रंगाखाली वेल्डची फट, पुढच्या खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरप्या चिरा हे सगळं सांगाडा वाकत असल्याचं लक्षण. सीलंट वारंवार एकाच जागी फाटत असेल तर तेच. हा दोष दिसला की भाव पाडू नका, परत फिरा.

टायर: बाजूवर डॉटच्या मागे चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी ट्रेलरचा टायर पाच ते सात वर्षांत बदलायचाच. फक्त आतल्या कडेला झिजले असतील तर अॅक्सल वाकलाय किंवा गाडी नेहमी जास्त भरलेली होती. स्प्रिंगच्या शॅकलमधले, म्हणजे जोडपट्ट्यांमधले, प्लास्टिकचे बुश या वयात संपलेलेच असतात. ब्राँझ बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट घालून घ्या, काम अर्ध्या-एका दिवसाचं. बेअरिंगना वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना ग्रीस.

स्लाइड: तिन्ही दोनदा आत-बाहेर करून बघा, आवाज ऐका. भिंतीतल्या दोन रुळांवर दोन मोटारी चालणारी श्विन्टेक पद्धत असेल तर दोन्ही बाजूंची टोकं एकत्र पोचतात का पाहा. एक मोटर मागे राहिली की स्लाइड तिरकी अडकते. मोठ्या, जड स्लाइडला सांगाड्याखालचा दाते-पट्टीचा किंवा हायड्रॉलिक प्रकार जास्त भरवशाचा.

लिहिता लिहिता लांबलं. उपकरणांबद्दल बाकीचे सांगतीलच.

---

लांब_पल्ला

पाना_पक्कड यांच्या तपासणीच्या भागाला अनुमोदन. पण "वापरलेलीच" या सूत्राला थोडा विरोध, आणि त्याआधी एक जास्त तातडीचं: ट्रेलर ठरायच्या आधी ट्रकचं गणित करा. तुमचा थ्री-क्वार्टर टन यात बसत नाही.

फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. १४,००० चे २२ टक्के धरले तर ३,०८० पौंड. त्यात हिच (ट्रकवरचा जोड) दीड-दोनशे, तुम्ही दोघं, कुत्रा, मागच्या सीटवर आई-बाबा, हत्यारांची पेटी असे सात-आठशे. चार हजारांच्या घरात गेलात. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते सांगणारं. डिझेल इंजिन आणि लेदरबिदरवाल्या थ्री-क्वार्टर टनावर तो आकडा बऱ्याचदा दोन ते अडीच हजार असतो. "हा ट्रक १८,००० पौंड ओढतो" हे विक्रेत्याचं वाक्य खरंच असतं, कारण ते ओढण्याबद्दल आहे. मर्यादा पाठीवरच्या भाराची आधी संपते. तुम्हाला त्याच्या वरच्या, वन टन गटातला ट्रक लागेल. मागे एकेरी चाकं असली तर काठावर, दुहेरी चाकांचा डुअली असेल तर निवांत. स्टिकरचा फोटो मागितल्याशिवाय ट्रक बघायला जाऊ नका, कारण एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत हजार पौंडांचा फरक निघतो.

म्हणजे नव्या ट्रेलरवर ८२,००० घातले तर वन टन ट्रकला पैसे उरतात का, हा मुळातला प्रश्न.

ट्रेलरचं वजनही बघा. १४,००० उणे ११,६०० म्हणजे २,४०० पौंड सामानाची जागा. ६० गॅलन पाणी भरून निघालात तर ते ५०० पौंड, कारण गॅलनला ८.३४ पौंड. उरले १,९००. दोन माणसांचं पूर्ण घर, पुस्तकं, गव्हाच्या पिठाच्या वीस पौंडांच्या पिशव्या, दोन मॉनिटर, बॅटऱ्या, सोलर यात ते सहज संपतात. सहलीवाल्याला २,४०० पुष्कळ, कायम राहणाऱ्याला ३,००० च्या वर हवेत. भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करा. अंदाज कायम कमी निघतो.

आता नव्याची बाजू. तीन परिस्थितींत मी नवी घ्या म्हणेन. एक, स्वतः छतावर चढणं, सीलंट लावणं अजिबात होणार नसेल. दोन, कडक थंडीत राहायचं असेल आणि तापवलेलं अंडरबेली (गाडीचं बंदिस्त पोट), टाक्यांचे हीटिंग पॅड असलेलं मॉडेल त्या वर्षापासूनच निघालं असेल. तीन, कारखान्याने पूर्णवेळ वापराची वॉरंटी लेखी दिली असेल. तरीही यादीच्या किमतीवर कमीत कमी पाव हिस्सा सूट मागा, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या मंदीत, आवारात उरलेलं मागच्या वर्षाचं मॉडेल बघा.

आणि कर्ज. टेक्सासचा सव्वासहा टक्के कर धरून ८२,००० चे ८७,१२५ होतात. २० टक्के भरले की कर्ज ६९,७००. ८.५ टक्क्यांनी १५ वर्षांना हप्ता ६८६ डॉलरच्या आसपास. तीन वर्षांत तुम्ही साधारण २४,७०० भराल आणि मुद्दल मात्र ६१,८०० बाकी असेल. गाडीची किंमत तीन वर्षांत ३५ टक्के उतरली, जे काही विशेष नाही, तर ती ५३,३०० ला जाईल. विकायला गेलात तर खिशातून साडेआठ हजार द्यायचे. तीन वर्षांचाच बेत असणाऱ्याने या आकड्याकडे आधी बघावं.

म्हणून माझा तिसरा पर्याय: एक ते तीन वर्षं वापरलेली, ज्याचे सुरुवातीचे दोष निस्तरल्याच्या पावत्या मालकाकडे आहेत अशी. २०१९ पेक्षा महाग पडेल, पण मोठी घसरण पहिल्याने सोसलेली असते. (पाना_पक्कड यांचा २०२१-२२ चा इशारा लक्षात ठेवूनच.)

---

कागदी_घोडा

नवी की जुनी यापेक्षा तुमच्या प्रश्नातलं "नवऱ्याचा एच-१बी" हे शब्द मला महत्त्वाचे वाटले.

एच-१बीची मंजुरी ज्या जागेसाठीच्या एलसीएवर (कंपनीने श्रम खात्याकडे भरलेला अर्ज) मिळते, त्या महानगर क्षेत्राच्या बाहेर कामाची जागा हलली तर हलण्याआधी सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमियो प्रकरणातल्या निर्णयापासून हे स्पष्ट आहे. घरून काम करणाऱ्याचं घर हीच कामाची जागा. म्हणजे डॅलस-फोर्ट वर्थ क्षेत्रात एका आरव्ही पार्कमधून (गाडी भाड्याने उभी करायची जागा) दुसऱ्यात गेलात तर कंपनीला कळवून नव्या पत्त्यावर एलसीएची नोटीस लावणं पुरतं. पण "जानेवारी अॅरिझोनात, एप्रिल कोलोरॅडोत, लॅपटॉप उघडून" हे नियमात बसत नाही. थोड्या दिवसांच्या कामाची सवलत आहे, पण ती कंपनीने कामासाठी पाठवून प्रवास-राहण्याचा खर्च दिला तर. सुट्टी टाकून कुठेही जा, त्याला हरकत नाही. तुमच्या ईएडीला जागेचं बंधन नाही. निघण्याआधी कंपनीच्या वकिलाशी लेखी बोला.

पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरणं दोघांनाही लागू. ते यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर होतं. टपालासाठी मेल फॉरवर्डिंगचा पत्ता वेगळा, प्रत्यक्ष राहण्याचा वेगळा, ही सरमिसळ करू नका. पूर्णवेळवाले टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा ही राज्यं कागदोपत्री घर म्हणून निवडतात. तुम्ही आधीच टेक्सासात आहात, काही बदलायची गरज नाही.

याचा खरेदीवर परिणाम असा: पहिली तीन वर्षं गाडी बहुतांश एकाच शहराच्या परिघात उभी राहणार असेल, तर पन्नास-साठ हजारांचा डुअली कशाला? वर्षातून दोनदा हलवायचं तर पैसे देऊन ओढून नेणारे मिळतात. त्यांचा विमा तपासून द्या. ट्रकचे पैसे वाचले की निर्णय पुष्कळ सोपा होतो.

इतर कागद झटपट. विमा घेताना "फुल-टाइमर" पॉलिसीच मागा. साध्या आरव्ही विम्यात घरासारखं दायित्व, म्हणजे पाहुणा पायरीवरून पडला तर, धरलेलं नसतं, आणि कायम राहता हे लपवलं तर दावा फेटाळला जाऊ शकतो. कर्जाचंही तेच. बऱ्याच बँका पूर्णवेळ राहणाऱ्याला आरव्हीचं कर्ज देत नाहीत. अर्जात खोटं लिहू नका, तुमच्या व्हिसावर तर मुळीच नाही. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. २०१९ ची २०२९ मध्ये दहाची होईल, तुमच्या मुदतीत अडचण नाही. टायटल (मालकीचा कागद) तपासताना पुराची गाडी नाही ना हे व्हीआयएनवरून (गाडीचा ओळख क्रमांक) बघा. हार्वी (२०१७) आणि इयन (२०२२) या चक्रीवादळांनंतर भिजलेल्या गाड्या इतर राज्यांत जाऊन विकल्या गेल्या. रिकॉल (दोषामुळे कारखान्याने परत बोलावणं) बाकी आहेत का ते एनएचटीएसए या वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर फुकट कळतं.

टेक्सासच्या लेमन कायद्यात (सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा) ओढायच्या आरव्हीही येतात, सगळ्या राज्यांत येत नाहीत. नवी घेतलीतच तर टेक्सासातच घ्या.

---

मोगरा_डॅलस

सगळ्यांचे आभार. एलसीएचं डोक्यातच नव्हतं, वकिलाला लिहिलं आहे. तो फिरत काम करायला "नाही" म्हणाला तर डॅलस परिसरातल्याच एका पार्कमध्ये महिन्याच्या भाड्याने राहू आणि ट्रक नंतर बघू. मग २०१९ चीच पुढे नेते. दोन शंका. विजेचं कसं तपासायचं, आणि रोजचा आपला स्वयंपाक, कुकर-फोडणी, आत झेपतो का? आई-बाबा आले की दोन वेळा साग्रसंगीत होतं.

---

बारा_व्होल्ट

३० अँपची आहे की ५० ची, हे आधी विचारा. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. ५० अँपला १२० व्होल्टच्या दोन जिवंत वायरी असतात, म्हणून १२,०००. डॅलसच्या जुलैत ३५ फुटी गाडीला १५,००० बीटीयूचे दोन एसी लागतात. एका एसीवर बेडरूम गार होईल तर हॉल नाही. ३० अँपवर एक एसी १३ अँप, इंडक्शन १,८०० वॉट म्हणजे १५ अँप, विजेवर चाललेला गीझर १,४४० वॉट म्हणजे १२. बेरीज ४०, ब्रेकर पडला. म्हणून तुम्हाला ५० अँप हवीच. ज्या पार्कमध्ये जाल तिथल्या विजेच्या खांबावर ईएमएस (व्होल्टेज बिघडलं की वीज तोडणारं यंत्र) लावा, फक्त सर्ज प्रोटेक्टर नको. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी चालू असताना पार्कचं व्होल्टेज उतरतं. १०४ च्या खाली ईएमएस वीज तोडतं, नाहीतर एसीचा काँप्रेसर जळतो.

तपासताना: मालकाला आदल्या दिवशीच फ्रिज सुरू करायला सांगा. अमोनियावर चालणारा अॅबसॉर्प्शन फ्रिज असेल तर गार व्हायला आठ-दहा तास लागतात. फ्रीझर शून्य फॅरनहाइटच्या आसपास, खालचा कप्पा ४० च्या खाली हवा. गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालवून बघा. मागच्या झाकणाआड पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर फ्रिज मेला. हा फ्रिज तिरक्या गाडीत चालवला की आतून खराब होतो, आणि टेक्सासच्या उन्हात तसाही कुथतो. मोडला तर त्याच जागी १२ व्होल्टचा काँप्रेसरवाला बसवा.

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. खांबाची वीज चालू असताना १३.६ व्होल्टच्या आसपास हवे. १२.६ च दिसले तर कन्व्हर्टर (खांबाच्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाही. लेड-अॅसिडच्या जागी लिथियम घालायची तर कन्व्हर्टर १४.४ ते १४.६ देणारा हवा, आणि गोठणबिंदूखाली लिथियम चार्ज करायची नाही. अंदाजासाठी: स्टारलिंक (उपग्रहावरचं इंटरनेट) ५० वॉट धरलं तर दिवसाला १,२०० वॉट-तास, म्हणजे १०० अँप-तासाची एक लिथियम बॅटरी त्यातच संपली. पार्कमध्ये खांबाला जोडून राहणार असाल तर सोलरवर आत्ता पैसे घालू नका. दोन कॉल एकत्र चालवायला मात्र स्टारलिंक आणि एक मोबाइल हॉटस्पॉट अशा दोन वाटा ठेवाच.

स्वयंपाक: भांडण फोडणीशी कमी, वाफेशी जास्त. चूल पेटली की प्रोपेन जळून पाणी तयार होतं, वर कुकरच्या शिट्ट्या. ती वाफ थंड खिडकीवर आणि कपाटाच्या मागच्या भिंतीवर बसते, हिवाळ्यात गादीखाली बुरशी येते. चुलीवरचा पंखा तपासताना वर टिश्यू पेपर धरा. ओढत नसेल तर बऱ्याचदा बाहेरची झडप वाहतुकीसाठी लावलेल्या क्लिपने बंदच असते. काही गाड्यांत तो पंखा हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत आत सोडतो. तसला असेल तर स्वयंपाकघराच्या छतात १४ इंची जोरदार पंखा बसवून घ्या आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. छोटा डिह्युमिडिफायर, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी. कुकर, तळण हे बाहेरच्या टेबलावर इंडक्शनवर करता आलं तर उत्तम. प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत असतो आणि फोडणीच्या धुराने किंवा फवाऱ्यांनीही वाजतो. वाजला म्हणून वायर काढणारे आहेत, तसं करू नका. त्यावर मुदत छापलेली असते, पाच-सात वर्षांची. २०१९ च्या गाडीत तो संपलेला असणार, घेतल्या घेतल्या बदला. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचाही.

काळ्या टाकीचं (संडासाची) एक: पार्कमध्ये उभं असताना तिची झडप उघडी ठेवू नका. पातळ निघून जातं आणि बाकीचं थराथराने सुकून दगड होतं. दोन-तृतीयांश भरू द्या, मग सोडा, पाठोपाठ करडी (सिंक-शॉवरच्या पाण्याची). सिंकखाली तेल ओतणं बंद. गार होऊन चिकटलं की करड्या टाकीचे सेन्सर कायम "भरली" दाखवतात.

---

पाना_पक्कड

तर मग व्यवहाराचा क्रम. मालकाला थोडी इसार रक्कम द्या, पण कागदावर लिहून: तपासणीत दोष निघाला तर परत. त्यानंतर प्रमाणित आरव्ही निरीक्षक बोलवा. फिफ्थ व्हीलला हजार डॉलरच्या आसपास घेईल, आणि चार-सहा तास काम करेल. डीलरने किंवा मालकाने सुचवलेला नको. तुम्ही तिथे हजर राहा, कारण अहवालात न लिहिलेल्या गोष्टी तो तोंडी सांगतो.

पाण्याची चाचणी त्याच दिवशी. ताज्या पाण्याची टाकी पूर्ण भरा, पंप लावा, सगळे नळ उघडून बंद करा. नळ बंद असताना पंप मधूनमधून गुरगुरला तर कुठेतरी गळती आहे. मग बाहेरच्या नळाला जोडून तीच तपासणी, मध्ये ४५-५० पीएसआयचा रेग्युलेटर लावून. खालचं काळं प्लास्टिकचं आवरण फुगून लोंबत असेल तर त्यात पाणी साठलंय. गीझर सबर्बन कंपनीचा असेल तर आतला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी दांडी) काढून दाखवा म्हणा. तीन-चतुर्थांश झिजलेला असेल तर नवा घाला, साफ संपलेला असेल तर टाकी आतून गंजायला लागली आहे. अॅटवुडच्या अॅल्युमिनियम टाकीला रॉड नसतोच, तिथे शोधत बसू नका.

४१,००० वर घासाघीस करताना "जुनी आहे" असं म्हणून काही होत नाही. टायरांचं, अलार्मचं, सीलंटचं, फ्रिजचं वेगवेगळं अंदाजपत्रक हातात ठेवा आणि बेरीज वजा करा. ३६-३७ हजारांना तुटू शकतं. मालकाने गाडी शेडमध्ये ठेवली होती का, छताच्या सीलंटच्या पावत्या आहेत का, यासाठी मात्र हजार जास्त द्यायला हरकत नाही.

आई-बाबांसाठी: फिफ्थ व्हीलला दाराशी तीन-चार पायऱ्या आणि आत बेडरूम-बाथरूमकडे आणखी दोन-तीन असतात. गुडघे दुखत असतील तर त्यांना घेऊनच गाडी बघा, आणि हॉलमधल्या सोफ्याचा पलंग उघडल्यावर रात्री बाथरूमपर्यंत वाट उरते का ते मोजा. दाराच्या आत एक उभी दांडी भिंतीतल्या अॅल्युमिनियमच्या खांबात स्क्रूने बसवा. नुसत्या पॅनेलमध्ये बसवली तर पहिल्याच जोरात उपटून येईल. खांब शोधायला चुंबक चालत नाही, स्टड फाइंडर लागतो.